खांबाला वळसा

आमच्या गल्लीसमोर, रस्त्याच्या पलीकडं, एक डाळमिल आहे. लातुरात डाळमिलांना तोटा नाही, पण या मिलचं वाळवणाचं अंगण माझ्या गच्चीवरून पुरतं दिसतं. दुपार कलली, वाळलेली डाळ पोत्यांत गेली, अंगण झाडून निघालं, की तिथं एक मुलगी यायची. सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत चाकांचे बूट. डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा उचललेला, उजवा कुणीतरी हातात घेतल्यासारखा लांब केलेला. समोर मात्र कुणीच नाही. तशीच ती अंगणभर मोठमोठ्या वळणांनी सरकत राहायची.

नव्यानं लागलेला एक हमाल विचारत होता, "ही पोरगी कुणाला धरून नाचून राहिली?"

अंगण झाडणारी पार्वतम्मा त्याला म्हणाली, "तुला काय करायचंय रे? तू तुझं पोतं धर."

ती मुलगी म्हणजे धम्मप्रिया. मी शाळेत शिकवायचे तेव्हा चौथीला माझ्या वर्गात होती. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. विचारलं की बरोबर सांगायची, आणि सांगून झालं की शेजारी बसलेल्या मुलीकडं बघायची. आपण म्हणालो ते खरंच बरोबर आहे ना, हे तिला फळ्यावर नाही, शेजारणीच्या चेहऱ्यावर वाचायचं असे. मी कितीदा म्हणायचे, "अगं, माझ्याकडं बघ." ती माझ्याकडं बघायची, आणि मग पुन्हा शेजारणीकडं.

तिचे वडील आनंदराज जळकोट तालुक्यातले. मिलमध्ये मशीन चालवतात. मिलच्याच कडेला दोन खोल्यांत त्यांचं घर. आई उज्वला अंगणवाडीत जाते. म्हणजे या मुलीचं खरं अंगण ते वाळवणाचंच. तेल लावलेली तूर वर्षानुवर्षं त्या फरशीवर वाळत आली, बायकांच्या अनवाणी पायांखाली फिरत आली, त्यामुळं फरशीला अशी झिलई चढलेली की उन्हात ओली वाटावी. बायका ओळीनं पाय ओढत डाळीतून चालतात, तास पाडतात, म्हणजे खालची डाळ वर येते. या बायकांची मुकादम पार्वतम्मा. ती उदगीरकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. त्या अंगणात तिचा एक कायदा होता, पायतण चालायचं नाही. मालक आले तरी चपला कडेला.

आमच्या शाळेत सुदर्शन सर नावाचे नांदेडचे एक तरुण प्रशिक्षक स्केटिंग शिकवायला येत. निम्मा आठवडा नांदेड, निम्मा लातूर, आणि उरलेलं आयुष्य एसटीत, असं ते स्वतःच म्हणत. त्यांनी दिलेले जुने बूट घालून धम्मप्रिया पहिल्यांदा अंगणात उतरली तेव्हा पार्वतम्मानं झाडू उगारला होता.

"अय्यो! अन्नाच्या जागी चाकं घालून आली! उतर आधी!"

"आजी, डाळ न्हाई ना आता. झाडून झालं की."

"डाळ न्हाई. पण जागा डाळीचीच हाय न्हवं?"

पोरगी खाली मान घालून उभी. शेवटी पार्वतम्मालाच राहवलं नाही. म्हणाली, "बरं. आधी फरशीला हात लाव, कपाळाला लाव. मग काय नाचायचं ते नाच." तेव्हापासून वाकून फरशीला हात लावल्याशिवाय धम्मप्रिया कधी उतरली नाही.

त्या अंगणाच्या मधोमध एक लोखंडी खांब होता. अवकाळी पावसाची चिन्हं दिसली की ताडपत्रीचे दोर त्याला बांधायचे. स्केटिंग करणाऱ्यानं त्याला वळसा घालूनच जायचं.

अमरेश तिच्या आयुष्यात आला तो या खांबाला धडकूनच. मिलचे व्यवस्थापक शिवप्रसाद यांचा तो मुलगा, तिच्याच वयाचा. हसरा, तोंडाळ, अंगावर सदा कुठंतरी खरचटलेलं. सुदर्शन सरांना जोडीच्या नाचासाठी दोघं हवे होते. एकसारख्या उंचीचे म्हणून त्यांनी या दोघांना एकत्र उभं केलं. पहिले काही आठवडे नुसती भांडणं.

"तू माझ्या पायावर चाक घातलंस."

"तुझा पाय माझ्या वाटंत होता."

"वाट तुझ्या एकटीची हाय का? सर म्हणले, दोघांची हाय."

"मग तू बी बघून चाल की! मी काय तुझी आई हाय का, हात धरून न्यायला?"

"हात धरूनच तर नेऊन राहिलीस!"

पार्वतम्मा अंगणाच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून हसायची.

हा खेळ मला काही माहीत नव्हता. सरांनी सांगितला तेवढाच कळला. यात उंच उड्या नाहीत, मुलीला डोक्यावर उचलून फेकणं नाही. दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही आणि ठरलेल्या संगीतावर ठरलेली नक्षी पायांनी काढायची. पाऊल एका कडेवर कललं की सोबतच्याचंही त्याच क्षणी कललं पाहिजे. "बघून करायला गेलं की उशीर होतो, बाई," सर म्हणाले होते. "अंगाला कळावं लागतं." शेजारणीकडं बघून खात्री करणारी आमची पोरगी या खेळात का रमली, ते मला त्या वाक्यानं उमगलं.

नांदेडला झालेल्या स्पर्धेत दोघं पहिले आले, आणि तिथून त्यांना बर्फावरच्या शिबिराला बोलावणं आलं, डेहराडूनला. बर्फ त्यांनी तोवर फक्त रसवंतीवर पाहिलेला. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं निघाले. वाटेत स्टेशनवर गाडीतल्या सगळ्यांना लंगरचं जेवण वाढतात, भांडं मात्र आपलं लागतं. अमरेशच्या पिशवीत त्याच्या आईनं दिलेला भलामोठा स्टीलचा डबा होता. दोघं त्यातच जेवले आणि पुढं दर वर्षी जाता-येता त्यातच जेवत राहिले.

बर्फावर पहिल्या दिवशी दोघं इतके पडले की शेवटी बसूनच राहिले. पण आठवडाभरात पाय लागले. मग कोच मॅडमनी त्यांना पूर्ण नाच करून दाखवायला सांगितला. या मॅडम शिमल्याच्या, करड्या शिस्तीच्या. नाच झाला. मॅडमनी पुन्हा करायला सांगितला. पुन्हा झाला. मॅडम रिंकच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि पायाखालच्या बर्फाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "यहाँ क्या है? भूत है क्या?"

दोघांना काही कळेना.

"हर बार यहाँ से घूम के जाते हो. सीधा क्यों नहीं जाते?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदम म्हणाले, "खांब!"

लातूरच्या अंगणातला खांब ते डेहराडूनच्या मोकळ्या बर्फावर चुकवत होते. मॅडमनी त्या जागी आपली लोकरीची टोपी ठेवली, म्हणाल्या, आता हिच्यावरून जा. तरी दोघं वळलेच. त्यावर त्या करड्या बाईही हसल्या. "गलती भी जोड़ी से करते हो," असं म्हणाल्या. हे वाक्य धम्मप्रियानं परत आल्यावर मला इतक्यांदा सांगितलं की जणू तेच बक्षीस मिळालं होतं. पुढं खरं बक्षीसही मिळालं, राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा क्रमांक. मॅडमचं म्हणणं पडलं की हा मधला वळसा गेला, तर पुढच्या निवडीत ही जोडी परदेशी स्पर्धेला जाऊ शकते.

आणि मग दोघं दहावी झाले.

अमरेशला चांगले गुण पडले. त्या दिवसांत मी मिलच्या ऑफिसात डाळ घ्यायला गेले होते. पावती होईपर्यंत बाकावर बसले होते. शिवप्रसादांनी आनंदराजना बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, आवाजसुद्धा चढवला नाही.

"आनंदराज, पोरं मोठी झाली आता."

"हाव साहेब."

"अमरेशला डॉक्टरकीच्या, नीटच्या क्लासला टाकतो. सगळा मुलूख पोरं घेऊन लातूरला येऊन राहिला, आणि आपण लातुरात राहून पोराला नाचायला पाठवावं, हे काय बरं न्हाई."

"तुमचा मुलगा हाय. तुम्ही म्हणाल ते."

टेबलावरची काचेची गोटी शिवप्रसादांनी उगाच इकडची तिकडं केली. "आणखी एक. लोक बोलून राहिलेत असं न्हाई. पण बोलायच्या आधी आपण..."

आनंदराजनी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हळूच म्हणाले, "साहेब, माझी पोरगी तुमच्या पोराचा हात धरती, ते हजार माणसांसमोर. पंच बसलेले असतात. लपून न्हाई धरत."

शिवप्रसादांनी गोटी जागच्या जागी ठेवली. आनंदराज मशीनवर परत गेले. मीही डाळ घेऊन घरी आले.

अमरेश तिला एवढंच म्हणाला, "बारावी होऊ दे. नीट झाली की मी मोकळा. तोवर थांब."

ती थांबली. लातूरसारख्या गावात थांबणं फार विचित्र असतं. तो काही दूर गेला नव्हता. त्याचा क्लास रिक्षानं दहा मिनिटांवर. पण सकाळी क्लास, दुपारी क्लास, मधल्या वेळात अभ्यासिका. मोबाइल वडिलांच्या कपाटात. रस्त्यानं मुलांचे लोंढे जायचे, पाठीवर सारख्याच पिशव्या, आणि त्यात तो कुठंतरी असायचा. कधी रिक्षातून जाताना तिला तो टपरीवर दिसे. तो हात वर करी. तीही करी. तोवर रिक्षा पुढं गेलेली.

सुदर्शन सरांनी दुसरा जोडीदार शोधायचा खूप प्रयत्न केला. उमरीचा एक धिप्पाड मुलगा आणला. तो शर्यतीचा खेळाडू होता. त्यानं तिचा हात धरला आणि सुसाट सुटला. परत आल्यावर धम्मप्रिया म्हणाली, "सर, मी नाचत न्हवते. मी एसटीच्या मागं लटकलेली होते." नांदेडचा एक मुलगा खरंच चांगला होता. त्याची आई एकदा सराव बघायला आली. बाजूला बसून सरांना हळूच विचारलं, "पोरगी कुणाची म्हणायची?" सरांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून मुलाला कंबरदुखी लागली.

मग मॅडमचा डेहराडूनहून निरोप आला. एकटीनं करायचा नाचही आता स्पर्धेत असतो. नक्षी तीच, संगीत तेच, फक्त जोडीदार नसतो. तिनं त्यात उतरावं. नाहीतर वय निघून जाईल.

"न्हाई," ती मला म्हणाली. आम्ही माझ्या गच्चीवर होतो. मी वाळत घातलेल्या कुरडया उचलत होते, ती मदतीला आलेली. "एकटीनं केला तर तो कसला नाच, बाई? ते नुसतं वाट चालणं झालं. मी थांबते. त्यानं थांब म्हणून सांगितलंय."

म्हणून ती त्या अंगणात यायची, हात तसे धरून. अमरेशच्या खांद्याची जागा सोडून. मला वरून कळायचं, त्याची उंची वाढत असेल तसा तिचा डावा हातही थोडा थोडा वर चढत होता. टपरीवर, रिक्षातून जेवढं दिसे, तेवढ्यावरून ती अंदाज बांधत असावी.

बारावी झाली. नीट झाली. निकाल लागला त्या आठवड्यात मिलमध्ये दुसरीच गडबड होती. डाळ वाळवायचं नवीन यंत्र आलं होतं आणि ते आत न्यायला वाट करायची म्हणून अंगणातला खांब गॅसकटरनं कापून काढला होता. अमरेश अंगणात आला तेव्हा पार्वतम्मा लोखंडाचा चुरा झाडत होती. त्यांचं काय बोलणं झालं, ते धम्मप्रियानं मला नंतर सांगितलं.

"आजी, खांब कुठं गेला?"

"मशीन आली, खांब गेला. आता आम्ही बी जाणार." मग पार्वतम्मानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "केवढा झालास रे, यप्पा! काय निकाल?"

"थोडक्यात गेलं. परत एक वर्ष."

लातुरात याला रिपीट म्हणतात, आणि ते सगळ्यांना इतकं पाठ आहे की कुणी त्यावर दुःखही करत नाही. धम्मप्रिया कडेला बसून बुटाची नाडी बांधत होती. तिनं विचारलं, "मग?"

"मग तू सोलो कर, धम्मा."

"ते तू सांगायचं न्हाई मला."

"मी न्हाई सांगितलं तर तू थांबून राहशील."

"थांब म्हणणारा तूच होतास."

"हाव. म्हणून तर मीच सांगाय आलो. दुसरं कुणी सांगितलं असतं तर ऐकली असतीस का?"

तिनं नाडी ओढून गाठ मारली. तो तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "परवा माझे बूट काढून बघितले. बसतच न्हाईत गं. टाच आतच जात न्हाई. पाय वाढला माझा."

"नवे घेता येतात."

"येतात," तो म्हणाला, आणि उठला. क्लासची वेळ झाली होती.

त्या संध्याकाळी ती अंगणात उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सुदर्शन सरांना फोन करून "येते" म्हणाली. बस, एवढंच.

या वेळी सचखंडमध्ये ती आणि सर दोघंच होते. स्टेशनवर लंगरचं जेवण आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की डबा नाही. डबा नेहमी अमरेशच्या पिशवीत असायचा. आपणही एक घ्यायला हवा, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं पोळ्या ओंजळीत घेतल्या, भाजी नको म्हणाली. सरांनी आपला डबा पुढं केला. "भूक न्हाई सर," म्हणून ती खिडकीबाहेर बघत कोरड्या पोळ्या खात बसली. हे मला सरांनी सांगितलं, तिनं नाही.

डेहराडूनची राष्ट्रीय स्पर्धा भरदुपारी होती. मिलच्या शेडखाली आनंदराजच्या मोबाइलवर आम्ही ती बघितली. तो मोबाइल पोत्यांच्या थप्पीला टेकवून ठेवलेला. जेवणाची सुट्टी होती, सगळ्या बायका गोळा झालेल्या. चित्र मधेच थांबायचं आणि पार्वतम्मा मोबाइलला शिव्या द्यायची.

धम्मप्रिया बर्फाच्या कडेला आली. वाकली, बर्फाला हात लावला, कपाळाला लावला. पार्वतम्मानं नुसता हुंकार दिला. मग ती मधे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ते दोन्ही हात उठणार, खांद्यावर, हातात. नाही उठले. ते तिच्या दोन्ही बाजूंना मोकळे पसरले.

"हिचे हात कुठं गेले?" पार्वतम्मा म्हणाली.

संगीत सुरू झालं. आनंदराज बसलेले उठून उभे राहिले. मी त्या मुलीला इतकी वर्षं वरून बघत आले होते, तरी ती एवढी मोठी जागा घेते हे मला माहीत नव्हतं. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मग ती मधल्या जागेकडं यायला लागली आणि शेडखाली सगळ्या मोबाइलवर वाकल्या. कारण अंगणात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होतं की आता ती कुठं वळणार.

ती वळली नाही. सरळ गेली.

"गेली!" पार्वतम्मा ओरडली. "खांबातून गेली पोरगी!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. आनंदराज मोबाइलकडं न बघता बाहेर अंगणाकडं बघत होते. तिथं फरशीवर खांबाच्या बुंध्याचा काळा गोल तेवढा उरला होता.

नाच संपला. शेवटची मुद्रा घेऊन ती क्षणभर थांबली आणि तिनं मान वळवून उजवीकडं बघितलं. चौथीतल्यासारखंच. तिथं पांढरा बर्फ होता. मग तिनं समोर बघितलं, पंचांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली.

दुसरा क्रमांक आला. पुढच्या शिबिरासाठी नाव निघालं, तिथून परदेशी स्पर्धेचा संघ निवडणार आहेत. ती परतली त्या दिवशी शिवप्रसाद स्वतः पेढे घेऊन आनंदराजच्या घरी गेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. "आमच्या अमरेशनं पण बघितलं," ते म्हणाले. "मीच दाखवलं त्याला, माझ्या मोबाइलवर." आणि पेढ्यांचा पुडा उज्वलाच्या हातात देऊन घाईनं निघून गेले.

परवा दुपारी मी डाळीसाठी मिलमध्ये गेले होते. यंत्र आलं तरी थोडी तूर अजून उन्हात घालतात, तेवढ्यापुरत्या पार्वतम्मा आणि चार बायका राहिल्या आहेत. अंगण झाडून झालं होतं. धम्मप्रियानं फरशीला हात लावला आणि उतरली. हात मोकळे. डेहराडूनला केला तोच नाच. मधल्या जागेपाशी आली आणि त्या काळ्या गोलाला बाजूला ठेवून, पूर्वीसारखा वळसा घेऊन पुढं गेली.

पार्वतम्मानं कमरेवर हात ठेवले. "काय गं, तिथं तर सरळ गेलीस. इथं काय हाय आता?"

"काय न्हाई, आजी."

"मग वळतीस कामून?"

ती कडेला येऊन थांबली. दम लागला होता. घाम पुसत जरा वेळ त्या गोलाकडं बघत राहिली.

"इथं अजून येत न्हाई," ती म्हणाली.

पार्वतम्मा झाडू घेऊन त्या जागेपर्यंत गेली, काळ्या गोलावरून एकदा झाडू फिरवला आणि परत येऊन कडेला बसली. धम्मप्रियानं नाच पहिल्यापासून सुरू केला.